‘प्रसंगावधान’ येते कुठून?

महोदय,

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत दोन तऱ्हेच्या बातम्या आलटून पालटून येऊ लागतात. एकीत ट्रेक लीडरने ‘प्रसंगावधान राखल्यामुळे’ वीस-पंचवीस जण ओढ्यापलीकडून सुखरूप परततात, दुसरीत ‘बेफिकिरीमुळे’ कुणाचा तरी जीव जातो. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील डोंगरांत मी गेली बावीस वर्षे हौसेने ट्रेकचे नेतृत्व करत आले आहे, आणि अनुभवाने सांगते की या दोन बातम्यांतील माणसांनी केलेली गोष्ट पुष्कळदा एकच असते. ठरलेला बेत मोडला, म्हणून त्यांनी हाताशी होते त्यातून काहीतरी जुळवले आणि लोकांना पुढे नेले. पाणी ओसरले तर त्याला प्रसंगावधान म्हणायचे आणि चढले तर बेफिकिरी, असा हा हिशेब निकाल पाहून मागाहून मांडलेला असतो.

ऐनवेळी सुचणारी युक्ती ही लीडरच्या अंगची देणगी आहे, असे आपण धरून चालतो. ती सुचली तर त्याचे कौतुक होते, न सुचली तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो. माझे म्हणणे असे आहे की ती सुचणार की नाही, आणि सुचली तर योग्य तीच सुचणार की भलती, हे बऱ्याच अंशी ट्रेक निघण्याआधीच, ठाण्यात, वाशीत किंवा पनवेलमध्ये बसून ठरलेले असते.

आधी माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका रविवारी आम्ही अठ्ठावीस जण आसनगावमार्गे माहुलीच्या किल्ल्यावर गेलो होतो. लोखंडी शिडीजवळ गर्दी झाल्याने उतरायला उशीर झाला आणि पायथ्याशी येईपर्यंत साडेपाच वाजले. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा आता मांडीपर्यंत चढला होता. पलीकडचा काठ जेमतेम दहा पावलांवर होता, मंडळी भिजून कुडकुडत होती आणि दोघा-तिघांनी लोकलच्या वेळा मोठ्याने सांगायला सुरुवात केली होती. माझ्या पाठीवर तीस मीटरचा दोर होता, म्हणून मला दोरच सुचला. दोन्ही काठांवरच्या झाडांना तो आडवा ताणून बांधायचा आणि प्रत्येकाच्या कमरेला पट्टी बांधून ती दोरात अडकवून एकेकाला पार करायचे, असे मी ठरवले. एक दणकट मुलगा दोराचे टोक घेऊन पहिल्यांदा पाण्यात उतरायला तयारही झाला होता.

आमच्याबरोबर दरवर्षी येणारे गावातलेच एक वाटाडे तोवर गप्प उभे होते. मी झाडाला गाठ मारू लागले तसे ते जवळ आले आणि म्हणाले, “ताई, पानी लाल झालंय. काटक्या यायला लागल्यात. वर जोरात पडतंय. आता पोरं घालू नका यात.” मला त्यांचा राग आला, हे कबूल केले पाहिजे, सगळ्यांसमोर आपला निर्णय खोडला गेला की येतो तसा राग. पण दादांच्या शब्दाला आमच्यात वजन होते. आम्ही मागे फिरलो, काठापासून दूर एका उंचवट्यावर प्लास्टिकचा कागद धरून एकमेकांना चिकटून बसलो. पुढच्या अर्ध्या तासात पाणी आणखी हातभर चढले. साडेसातनंतर ते उतरू लागले आणि साडेआठच्या सुमारास, गुडघ्याखाली आल्यावर, टॉर्चच्या उजेडात आम्ही ओढा ओलांडला. रात्री उशिराच्या लोकलने सगळे घरी पोहोचले.

त्या दोराने काय झाले असते, याचा विचार मी नंतर अनेक रात्री केला. प्रवाहाला काटकोनात ताणलेला दोर भार पडताच मध्यभागी खालच्या बाजूला ओढला जातो आणि ज्याला तो आधार द्यायचा, त्यालाच सर्वांत जोराच्या धारेत अडकवून ठेवतो. त्यात तो माणूस दोराला बांधलेला असेल, तर पाय घसरल्यावर वाहून जाण्याऐवजी तो जागच्या जागी पाण्याखाली दाबला जातो. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. सकाळचा ओढा आणि संध्याकाळचा ओढा यांत फरक नुसत्या उंचीचा नसतो. लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले कुटुंब काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले आणि पाच जण दगावले, हे वाचकांना आठवत असेल. हे सारे मला पुस्तकी माहीत होते. तरीही भिजलेले अठ्ठावीस चेहरे समोर असताना मला सुचली ती कधीतरी प्रात्यक्षिकात पाहिलेली, दिसायला धाडसी अशी गोष्ट. सगळे सुखरूप पार झाले असते, तर कदाचित आपल्याच दैनिकात माझे प्रसंगावधान छापून आले असते.

त्या दिवशी जे निभावले त्याची कारणे शोधायला गेले, तर त्यांतले एकही ओढ्याकाठी जन्मलेले नव्हते. वाटाड्या सोबत घ्यायचा हा आमच्या गटाचा जुना नियम. त्याला पैसे देऊन मागे चालवायचे नाही, तर निघण्यापूर्वी वाटेची चर्चा त्याच्याशी करायची, ही आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्याने लावलेली सवय. म्हणूनच त्या माणसाला बोलण्याचा हक्क वाटला. प्रत्येकाकडे टॉर्च होता, कारण तो नसेल तर आम्ही स्टेशनवरूनच परत पाठवतो, आणि त्यावरून आमची यथेच्छ टिंगलही होते. लोकलने गेलो होतो म्हणून कुठे बस थांबलेली नव्हती. वर्गणी खर्चापुरतीच होती, त्यामुळे ‘आम्ही पैसे भरलेत’ असे म्हणायला कुणाला जागा नव्हती. थांबण्याचा निर्णय मला सुचला नाही, पण तो अमलात आणता येईल एवढी मोकळीक आधीपासून शिल्लक होती.

डोंगरातल्या तात्पुरत्या जुळवाजुळवीत मी आता दोन जाती मानते. ओढणीची झोळी करून मोडलेला हात गळ्यात अडकवणे, तळवा सुटलेला बूट सुतळीने आवळणे, दोन काठ्या आणि दोन जाकिटे यांचे स्ट्रेचर करणे, ही पहिली जात. जमले नाही तर सोडून दुसरे काही करता येते. ओढ्यात उतरणे, अंधारात अनोळखी घळीतून ‘जवळचा रस्ता’ धरणे, घसाऱ्यावरून दोर न लावता खाली सुटणे, ही दुसरी. एकदा पाऊल टाकले की मागे येता येत नाही. ‘जुगाड’ या शब्दाने आपण दोन्ही एकाच टोपलीत टाकतो, आणि पहिल्या जातीत वाकबगार असलेला लीडर दुसरीतही वाकबगार असेल असे समजतो. प्रत्यक्षात दुसऱ्या जातीतला शहाणपणाचा निर्णय बहुतेक वेळा दिसायला अगदी मिळमिळीत असतो: थांबणे, मागे फिरणे, रात्र काढणे. त्याचे छायाचित्र चांगले येत नाही.

अर्थात कधी कधी थांबणे हाच धोका असतो आणि खरोखरच नवे काही शोधावे लागते. याचे जगभर अभ्यासले गेलेले उदाहरण अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातल्या मान गल्चचे आहे. ५ ऑगस्ट १९४९ रोजी तेथे वणवा विझवायला पॅराशूटने उतरलेली तुकडी आणि आधीपासून आगीशी झुंजणारा एक वनरक्षक, असे सोळा जण उतारावरच्या वाळलेल्या गवतात आगीच्या तोंडी सापडले. आपण धावून सुटणार नाही हे ओळखून तुकडीप्रमुख वॅग्नर डॉज याने स्वतःच पुढचे गवत पेटवले, त्याच्या राखेत शिरला आणि इतरांनाही आत बोलावू लागला. आपल्याकडे वन विभाग उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढतो त्यामागचे तत्त्व तेच, आगीला खायला काही उरू द्यायचे नाही. डॉज जिवंत राहिला. पण त्याच्या राखेत एकही जण शिरला नाही. दोघे कड्यातल्या फटीतून पलीकडे निसटले आणि तेरा जण मृत्युमुखी पडले.

युक्ती अचूक होती, मग ती कुणीच का ऐकली नाही? संघटनांचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी १९९३ मध्ये या घटनेची चिकित्सा केली, तेव्हा त्यांचा भर याच प्रश्नावर होता. तुकडीतील माणसे डॉजबरोबर आणि एकमेकांबरोबर पुरेशी रुळलेली नव्हती. असा उपाय त्यांना कधी शिकवलेला नव्हता. मागून वणवा येत असताना पुढे आग लावणारा प्रमुख त्यांना वेडा वाटला असल्यास नवल नाही, आणि समजावून सांगायला त्याच्याकडे सेकंदही नव्हते. लीडरला सुचलेली गोष्ट गटाने मानली तरच तिचा उपयोग, आणि ती मानण्याइतका विश्वास शेवटच्या मिनिटाला तयार करता येत नाही. शनिवारी रात्री अकरा वाजता ठाण्याच्या तीन हात नाक्यावर प्रथमच भेटलेले चाळीस अनोळखी लोक पहाटे चारला डोंगर चढू लागतात, तेव्हा त्या लीडरची स्थिती डॉजहून फार वेगळी नसते. फरक इतकाच की बहुतेक रविवारी वणवा लागत नाही.

आणि नेमकी तीच अडचण आहे. अनुभवी माणसाला प्रसंग पाहताच योग्य ते सुचते, हे खरेच आहे. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलातील अधिकाऱ्यांचा अभ्यास करून दाखवले, की ते दहा पर्याय तुलनेला घेत नाहीत. ओळखीची खूण दिसताच पहिला चालण्याजोगा पर्याय त्यांच्या मनात येतो आणि तो मनातल्या मनात चालवून पाहून ते कामाला लागतात. परंतु याच क्लाइन यांनी, अंतःप्रेरणेबद्दल नेहमी शंका घेणाऱ्या डॅनियल कानेमन यांच्यासह २००९ मध्ये लिहिताना दोन अटी सांगितल्या. परिस्थितीत काही नियमितपणा असेल आणि आपले बरोबर की चूक हे माणसाला लवकर व स्पष्ट कळत असेल, तरच अशा अंतःप्रेरणेवर विसंबावे.

सह्याद्रीत ही दुसरी अट पुरी होत नाही. चुकीचा निर्णय घेऊनही गट बहुधा सुखरूप परततो. निसरड्या कातळावरून तीसजण दोराशिवाय उतरले आणि कुणी पडले नाही, तर लीडर त्यातून ‘इथे दोर लागत नाही’ हे शिकतो. पुढच्या वर्षी तो शंभरजणांना तसाच उतरवतो आणि त्याला अनुभवी म्हटले जाते. माझीही बावीस वर्षे अशीच मोजली जातात. त्यांतली किती वर्षे शहाणपणाची आणि किती नुसत्या नशिबाची, हे वेगळे काढून दाखवणे मला जमणार नाही. म्हणून कुणी ‘मी कळसूबाई सत्तर वेळा केलाय’ असे सांगितले की मला त्या आकड्यापेक्षा तो किती वेळा अर्ध्यातून परतला, हे विचारावेसे वाटते.

युक्त्यांचा साठा मात्र आधी हाताने घासूनच तयार होतो. कड्यावर बिलेचे, म्हणजे चढणाऱ्याचा दोर धरून ठेवण्याचे साधन हातातून निसटून दरीत गेले, तर एका कॅराबिनरवर, म्हणजे चापाच्या कडीवर, इटालियन हिच ही गाठ मारून तेच काम भागवता येते. पण ही गाठ मुंब्र्याच्या कातळावर भर उन्हात पन्नास वेळा मारून, चुकून, पुन्हा मारून बोटांत बसलेली असेल तरच ती घाबरलेल्या अवस्थेत सुचते. नियमांचेही तसेच आहे. गट फोडू नये, हा नियम प्रत्येक लीडरला पाठ असतो. पण कुणाचा पाय मोडल्यावर मदत आणायला खाली जावेच लागते आणि तिथे नियम वाकवावा लागतो. जखमीजवळ एकाने थांबायचे, खाली जाणाऱ्यांनी दोघांनी मिळूनच जायचे, म्हणजे गटात किमान चौघे हवेत, ही जुनी शिकवण ज्याला कारणासह ठाऊक आहे त्याला नियम कुठे आणि किती वाकवायचा ते कळते. ज्याने फक्त सूचनापत्रक पाठ केले आहे, तो एकतर नियमाला चिकटून बसतो किंवा तो पुरताच सोडतो.

आता धंद्याविषयी. आठवडाअखेरीला ठाणे आणि नवी मुंबईतून निघणाऱ्या व्यावसायिक ट्रेकविषयी माझा आकस नाही. त्यांच्यामुळे अनेकांना डोंगर दिसला. मागच्या वर्षी पनवेलजवळच्या एका सुळक्याच्या वाटेवर एका आयोजकाचा लीडर भेटला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा, समंजस, प्रशिक्षणही घेतलेला. त्याच्यामागे सेहेचाळीस जण होते, सोबतीला दुसरा लीडर यायचा तो आयत्या वेळी आलाच नव्हता. वर ढग उतरले होते आणि पायऱ्यांवरून पाण्याचे लोट येत होते. “परत का फिरत नाहीस?” असे विचारल्यावर तो ओशाळून म्हणाला, “मला फोन करून विचारावं लागतं, आणि इथे रेंज नाही.” परत फिरल्यास पैसे परत मागितले जातात, म्हणून तो अधिकार त्याच्या हाती ठेवलेलाच नव्हता. तिथे त्याला कितीही सुचले असते तरी काय उपयोग? आदल्या रात्रीची झोप बसमध्ये झालेली, म्हणजे झालेलीच नसते. त्यात लागोपाठ दोन दिवस दोन ट्रेक. थकलेल्या माणसाला नवे सुचत नाही, ठरलेलेच पुढे रेटणे त्याला सोपे जाते. त्या दिवशी काही घडले नाही, हे वेगळे सांगायला नको.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी शासन निर्णय निघाला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आले, ज्यात जमीन, जल आणि हवा या तिन्ही प्रकारच्या उपक्रमांसाठी नोंदणीची चौकट आहे. हे आवश्यकच होते. पण नोंदणीत तपासता येते ते दोर, हेल्मेट, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रमाणपत्र. लीडरला परत फिरण्याचा अधिकार आहे का आणि तो वापरल्यास त्याचे मानधन कापले जाते का, हे कागदावर उमटत नाही. जिल्हा प्रशासनाचे पावसाळी बंदी आदेशही असेच. पांडवकडा धबधब्यावर बंदी घातली की गर्दी खारघरच्या टेकड्यांतल्या, फलक नसलेल्या पुढच्या ओढ्यावर सरकते, हे कुठल्याही पावसाळी रविवारी तिथे उभे राहून पाहता येते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम बेमध्ये २२ मार्च १९९३ रोजी छोट्या कायाक नावांतून निघालेल्या आठ शाळकरी मुलांपैकी चौघांचा मृत्यू झाला. त्यांच्याबरोबर त्यांचा एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक होते. शिक्षकाची नाव वारंवार उलटू लागल्याने एक प्रशिक्षक त्याच्यापाशी अडकला आणि दुसरीबरोबर मुले समुद्रात वाहत गेली. मदतीसाठी सोडायचे प्रकाशबाणही त्यांच्याकडे नव्हते. या दुर्घटनेतून १९९५ चा कायदा आणि साहसी केंद्रांच्या परवान्याची पद्धत आली, हे नेहमी सांगितले जाते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की मुलांना नेणाऱ्या साहसी केंद्रातील काम आदल्याच वर्षी सोडून गेलेल्या दोन प्रशिक्षकांनी सुरक्षेतील त्रुटींबद्दल केंद्राच्या व्यवस्थापनाला लेखी इशारा दिला होता. ज्यांनी धोका ओळखला त्यांचे पत्र फायलीत राहिले, आणि ज्यांच्यावर प्रसंग ओढवला त्यांच्या हाती काही नव्हते.

आपल्याकडे तशा पत्राला फाईलही नाही. सह्याद्रीत अपघात झाला की शिवदुर्ग मित्र किंवा यशवंती हायकर्ससारख्या संस्थांचे स्वयंसेवक धावतात, आणि ते काय करतात हे १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीची दरड कोसळल्यावर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पण अपघात होता होता टळला, तो प्रसंग कुठेच नोंदला जात नाही. माहुलीचा माझा दोर आज प्रथमच लिहून निघतो आहे, तोही मी निनावी लिहिते आहे म्हणून. गिर्यारोहण महासंघाने अशा टळलेल्या प्रसंगांची एक नोंदवही, नावे न छापता, सर्वांना वाचता येईल अशी सुरू करावी. लीडरला ज्या धोक्याची शिक्षा कधी मिळाली नाही, तो त्याला दुसऱ्याच्या तोंडून तरी कळेल. पर्यटन संचालनालयाने नोंदणीच्या वेळी आयोजकाकडून एवढे लेखी घ्यावे, की डोंगरावर परत फिरण्याचा अंतिम निर्णय लीडरचा असेल आणि त्यापायी त्याचे मानधन कापले जाणार नाही. एका लीडरमागे किती माणसे असावीत याची मर्यादा वाटेच्या अवघडपणाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलावी. डिसेंबरातला कर्नाळा आणि जुलैतला माहुली यांना एकच आकडा लावण्यात अर्थ नाही.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी देताना, ती सुटकेची असो वा मृत्यूची, आपल्या वार्ताहरांनी चार गोष्टी विचाराव्यात: गट किती वाजता निघाला होता, लीडरमागे किती जण होते, स्थानिक माणूस सोबत होता का, आणि परत फिरायचे असते तर लीडरला कुणाची परवानगी घ्यावी लागली असती.

आपली विश्वासू,
एक ट्रेक लीडर, ऐरोली, नवी मुंबई